दुपारपूर, ता. पाचोरा

शहर वसवायला राजा लागतो, असं प्रमिलाने बी.ए.च्या पेपरात लिहिलं होतं आणि त्याला पाचापैकी साडेतीन मार्कही मिळाले होते. वसलेलं शहर ओसाड करायला काय काय लागतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. ते तिला कळलं अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात, जळगावात, मेहरूणकडच्या सरकारी क्वार्टर्सच्या पहिल्या मजल्यावर.

कारण होतं रत्ना. तिची नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी. जानेवारीत वडिलांची बदली झाली म्हणून धुळ्याहून उचलून इथे आणलेली आणि तेव्हापासून खिडकीत बसलेली. कॉलनीतली पोरं खाली खेळत, ही गज धरून बघत राही. खाली पाठवली तर जिना उतरून, पाण्याच्या टाकीला एक फेरी मारून, हजेरी लावल्यासारखी परत येई. कुणी खेळायला घेतलं नाही का, असं विचारलं तर नाही. तू विचारलंस का, तर नाही. चार महिने एवढंच चाललं होतं. कॉलनीत सकाळपासून पोरांच्या नावाने हाकांचा नुसता पाऊस. त्यात रत्नाच्या नावाचा एक थेंब नाही. प्रमिला काळज्या करण्यात मुळात तरबेज. उन्हाची, उघड्या गटाराची, गोवराच्या साथीची काळजी ती रोज नेमाने करी. पण त्या काळज्यांना काही ना काही औषध होतं. न आलेल्या हाकेला औषध नव्हतं.

अशात पुण्याहून मावसभावाचं पत्र आलं. त्याच्या हॉस्टेलात म्हणे एक नवा खेळ चालतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. भिंतीवर चढतो, दार ढकलतो, पळून जातो, जे काय करायचं ते तोंडाने सांगायचं. आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवणार. त्यांचा डाव भुताटकीचा होता आणि त्यात एक इंजिनिअरिंगचा मुलगा इतका घाबरला, की दोन दिवस मेसमध्ये जेवायला उतरला नाही.

प्रमिलाने पत्र दोनदा वाचलं. गोष्ट आपण सांगायची, घर आपलं, म्हणजे रत्नाला घेतल्यावाचून पोरांची सुटका नाही. ती तडक नळावर गेली आणि चार बायकांसमोर जाहीर करून आली, की येत्या रविवारी दुपारी दोन वाजता आमच्याकडे भीतीचा खेळ आहे, पोरांना पाठवा. मग घरी येऊन, खेळात काय असेल याचा विचार करायला बसली. आधी जाहीर आणि मग विचार, हा क्रम तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच घडत होता.

भीती घालायची कुठे, हा पहिला प्रश्न. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. दुपारचे दोन. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, सायकल नाही. डांबर चकाकत होतं. समोरच्या दोरीवरची चड्डी वाळून पुठ्ठ्यासारखी झाली होती. जळगावात मे महिन्यात रोज दोन ते पाच शहर सोडून सगळे गेलेले असतात, फक्त ते घरात बसून जातात. समजा, प्रमिलाला वाटलं, पाच वाजले आणि कुणी बाहेर आलंच नाही, तर? तिच्या अंगावर त्या उन्हात बारीक काटा आला. तिने वहीत लिहिलं: शहराचं नाव, दुपारपूर. आणि खाली: लोक का गेले?

इथून तिची झोप उडाली. रविवारपर्यंत पोरांना घाबरवायचं आहे हे बाजूलाच राहिलं. लोक का गेले, हे तिला स्वतःलाच कळायला हवं होतं.

शेजारच्या आक्काबाईंना विचारलं. आक्काबाई मूळच्या शिरपूरकडच्या, साठी ओलांडलेल्या, आणि भुताखेतांच्या बाबतीत त्यांचा शब्द कॉलनीत अखेरचा मानला जाई. त्यांनी शहर प्लेगने रिकामं केलं. लोक शेतात झोपड्या बांधून राहायला गेले आणि तिकडेच रमले. इथपर्यंत ठीक होतं. पण भूत कोणतं घालू, असं प्रमिलाने विचारताच त्यांनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली.

"रिकाम्या गावमा भूत राहस नही, पोरी," त्या म्हणाल्या. "भूतले बी मानूस लागस. कोणीच नही, तर ते धरी कोले?"

प्रमिलाला हे अगदीच अनपेक्षित होतं. विहिरीतलं, पिंपळावरचं, चुलीमागचं अशी तिने वहीत काढलेली भुतांची यादी एका वाक्यात रद्द झाली. खरंच, ज्या गावात धरायला कुणी नाही तिथे कुठलं भूत दिवस काढील? तेही गेलं असणार लोकांच्या मागे, सामानाच्या गाडीवर बसून. मग दुपारपुरात आहे कोण?

खालच्या मजल्यावरचे शालिग्रामभाऊ नगरपालिकेच्या जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण भिंती पातळ होत्या. ते जिना चढून आले आणि शहर म्हटलं की जकात नाका आलाच, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. नाका नाही तर तुम्ही त्याला शहर म्हणू शकत नाही, वहिनी, फार तर बाजाराचं गाव. शिवाय लोक गेले ते सामान घेऊन गेले असतील, म्हणजे नाक्यावर नोंद हवी. आदल्या दिवशी किती गाड्या बाहेर पडल्या, त्यात काय होतं, हे रजिस्टर वाचूनच पोरांना समजेल ना? प्रमिलाला ही कल्पना फारच आवडली आणि तिने ती आपल्याला आधीच सुचली होती अशा चेहऱ्याने लिहून घेतली.

खरा घोटाळा केला तो घरच्याच माणसाने. गिरधर, म्हणजे प्रमिलाचा नवरा, पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात अनुरेखक होता. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने गिरवायचा, हे त्याचं काम. बोलायला कमी, पण रेघ अशी मारी की मुंगीने त्यावरून चालताना वाकडं पाऊल टाकू नये. पोरांसाठी एक साधा नकाशा काढून द्या, एवढंच प्रमिला म्हणाली. गिरधरने तीन संध्याकाळी खर्ची घातल्या. दोनशे चौदा घरं, प्रत्येकाला क्रमांक. पेठ, शाळा, दवाखाना, नगरपालिका, जकात नाका. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण, चिन्हांची सूची. शहराच्या नावापुढे कंसात काहीतरी लिहिलेलं पाहून प्रमिलाने विचारलं, हे काय?

"बेचिराग," गिरधर म्हणाला. "महसुलाच्या दप्तरात तसंच लिहितात. ज्या गावात दिवा लावायला कुणी उरलं नाही ते बेचिराग मौजे. गाव नसलं तरी नाव नि हद्द राहतेच."

प्रमिलाने तो शब्द वहीत उतरवून घेतला. तीन वर्षं इतिहास शिकून तिला जे सापडलं नव्हतं, ते नवऱ्याच्या ऑफिसात रोज शाईने लिहिलं जात होतं. इतकी वर्षं आपण याला डब्यात मेथीची भाजीच देत होतो, याची तिला थोडी लाज वाटली. त्या नादात, 'शहर दुपारपूर (बेचिराग)' याच्यापुढे गिरधरने हाताच्या सवयीने आणखी काय लिहिलं आहे तिकडे तिचं लक्षच गेलं नाही. तालुका लिहिल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही, अशी बारा वर्षांची सवय. त्या आठवड्यात तो पाचोऱ्याचं काम गिरवत होता. त्याने लिहिलं, ता. पाचोरा, जि. जळगाव.

मग पोरांना हाताळायला चार प्रती हव्यात म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या अमोनियाच्या यंत्रातून चार प्रती काढल्या. निघाल्या पाच. पाचवी यंत्रातच राहिली आणि छगन शिपायाच्या हाती लागली. छगनची सासुरवाडी पाचोऱ्याकडची. त्याने नकाशा उलटासुलटा पाहिला, बेचिराग वाचलं, दोनशे चौदा घरं वाचली, आणि धरणासाठी गाव उठवणार असं समजून रजा टाकून एस.टी.त बसला.

शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर तीन अर्ज होते. एकात विचारलं होतं, की गाव उठवणार असल्याचं आधी का कळवलं नाही. दुसऱ्याला नव्या जागी रस्त्यालगतचा प्लॉट हवा होता. तिसऱ्याने हद्दीची तक्रार केली होती: दुपारपूरची शीव आपल्या लिंबाच्या बागेतून जाते, ती सरकवावी. साहेबांनी गिरधरला सरकारी कागद, सरकारी शाई आणि सरकारी अमोनिया यांच्या वापराबद्दल लेखी खुलासा मागितला. गिरधरने तो घरी बसून लिहिला आणि प्रमिलाने शुद्धलेखन तपासलं. 'सदर शहर अस्तित्वात नाही. ते अस्तित्वात नसल्याने तेथील नागरिकांस हलविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तसेच सदर नागरिक पूर्वीच निघून गेलेले आहेत.' हे शेवटचं वाक्य प्रमिलाला खटकलं, पण ते खरं होतं, म्हणून तिने राहू दिलं.

रविवार आता मोडावा, असं गिरधरच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. प्रमिलाच्याही मनात ते दहादा येऊन गेलं. पण नळावर जाहीर झालेलं होतं. आता नाही म्हटलं, तर रत्ना केवळ न बोलणारी मुलगी राहणार नाही. खेळ सांगून न देणाऱ्या बाईची न बोलणारी मुलगी होईल. प्रमिलाने बत्ताशांचा पुडा आणला, कुलरमध्ये पाणी भरलं, आणि फासे नाहीत म्हणून आक्काबाईंकडून कवड्या आणल्या. प्रत्येकाला तीन चिंचोके. ते म्हणजे जीव. तिन्ही गेले की माणूस गेला.

दोनला पोरं आली. शालिग्रामभाऊंचा नातू गुलाब, वय अकरा, कॉलनीचा अघोषित पुढारी. कोपऱ्यावरच्या घरातल्या दोघी बहिणी. चष्म्याचा सुकदेव. सगळे नकाशाभोवती गोल बसले. रत्ना आईच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून बसली, तीन चिंचोके मुठीत धरून.

आणि तेवढ्यात खरोखरीचं दार वाजलं. उंबऱ्यात एक म्हातारबाबा उभे होते. पांढरी टोपी घामाने भिजलेली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा. उखर्डू आबा, पाचोऱ्याकडून आलेले; पत्ता छगनने दिला होता. ते गिरधरला भेटायला आले होते. गिरधर त्यांना बघताच आतल्या खोलीत पाणी आणायला गेला आणि पाणी विहिरीतून काढत असल्यासारखा आतच राहिला. खेळ थांबवायची प्रमिलाची छाती नव्हती. तिने आबांना कुलरसमोर खुर्ची दिली, गूळ-पाणी दिलं, आणि थोडं थांबा, मग बोलू, असं सांगितलं. आबा पोरांकडे बघत बसले.

तिने आवाज खोल केला आणि सुरुवात केली. भर दुपार आहे. तुम्ही पाचजण जकात नाक्यावर उभे आहात. शहरात कुणी नाही.

"मस्त," गुलाब म्हणाला.

इथेच डाव फसला. पोरांना कुणी नसलेलं शहर म्हणजे पर्वणी वाटत होती. गुलाबने नगरपालिकेत जाऊन नगराध्यक्षाची खुर्ची घेतली. कवड्या टाकल्या, जमलं. दोघी बहिणींनी शाळेला कायमची सुट्टी देऊन टाकली. सुकदेव नाक्यावरचं रजिस्टर न वाचता थेट मिठाईच्या दुकानात शिरला आणि शिळी जिलेबी चालते का, असं विचारू लागला. प्रमिलाने सावली हलवली, पायरी वाजवली, पिंपळाचं पान पाडलं. गुलाबने पान उचलून त्याची पिपाणी केली. अर्ध्या तासात दुपारपूर चांगलं नांदायला लागलं होतं आणि दोघी बहिणी कोणत्या घराला कोणता रंग द्यायचा यावर भांडत होत्या. प्रमिलाचा पदर घामाने चिकटला. मागे रत्नाने अजून एक शब्द काढला नव्हता आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. कुलरची घरघर थांबली. इतका वेळ त्या आवाजामागे दडलेली शांतता एकदम खोलीत येऊन बसली.

"मन्हं घर कोठे शे यामा?" आबा म्हणाले.

पोरांनी वर पाहिलं. आबा खुर्चीवरून उतरून नकाशाजवळ उकिडवे बसले होते. प्रमिलाने घाईघाईने सांगितलं, की आबा, हे गाव खोटं आहे, तुमचं गाव कुठे जात नाही, साहेबांना लिहून दिलंय. आबांनी ते ऐकून घेतलं, मान डोलावली. त्यांना बहुतेक ते इथे आल्यावर पाचेक मिनिटांतच कळलेलं होतं. पण त्यांचं आत्ताचं गाव हे दुसरं होतं. पहिलं तरुणपणी धरणात गेलं होतं, ते त्यांना नकाशावर कुठे तरी पाहायचं होतं.

गुलाबने विचारलं, सगळे निघून गेल्यावर गाव कसं दिसतं?

आबा आठवून आठवून सांगायला लागले. पाणी यायला अजून महिना होता, सांगितलं होतं तसं सगळे निघाले. पण लाकूड कोण सोडतं? आढी काढली, खांब काढले, दारं काढली, चौकटीसुद्धा उपटून गाडीवर घातल्या. आठ दिवसांनी ते एकटेच बैल शोधायला परत गेले. भर दुपारी. गल्लीत दोन्हीकडे नुसत्या भिंती आणि दारांच्या जागी भोकं. आवाज नाही.

"बठ्ठी दारं गयेल व्हती," आबा म्हणाले. "एकच दार व्हतं. आनि ते बंद व्हतं."

सुकदेवने चष्मा वर सरकवला. आत कोण होतं, असं एका बहिणीने अगदी हळू विचारलं. आबा म्हणाले, त्यांनी दार वाजवलं नाही. बैल राहू दिला आणि परत फिरले. आजही कधीमधी वाटतं, वाजवायला हवं होतं.

मग सगळी पोरं प्रमिलाकडे वळली. गुलाबने नकाशावर एका घरावर बोट ठेवलं, एकशे सत्याऐंशी, आणि म्हणाला, हेच ते. आम्ही दारासमोर उभे आहोत. आत कोण आहे?

प्रमिलाने वहीची पानं उलटली. प्लेग होता, जकात होती, बेचिराग होतं. दारामागचं कुणी नव्हतं. खाली कुणाच्या तरी नळाचा थेंब बादलीत पडलेला ऐकू आला. तिने पानं पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतली.

"मी आहे," मागून आवाज आला.

रत्ना चौकटीला टेकून तशीच बसली होती. डोळे कुणाकडेच नव्हते. आवाज मोठा नव्हता, पण अगदी जवळचा होता.

"कडी मी आतून लावलीय. सगळे गेले तेव्हा मला कुणी विचारलंच नाही."

गुलाबच्या तोंडातला बत्तासा तसाच राहिला. धाकट्या बहिणीने मोठीचा हात धरला. प्रमिलाने वही छातीशी धरली. खेळातलं काय आणि घरातलं काय, हे तिला त्या क्षणी वेगळं करता येईना. सामानाचा ट्रक धुळ्याहून निघाला तेव्हा रत्ना कुठे बसली होती, हे तिला आठवेना. आपण तेव्हा बरण्या मोजत होतो, एवढं मात्र आठवलं.

"मग उघड ना," गुलाब म्हणाला.

"आधी नावं सांगा," रत्ना म्हणाली. "एकेकाने. खरी."

आणि कॉलनीच्या पुढाऱ्याने, चार महिने जिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता त्या मुलीला, आपलं नाव वडिलांच्या नावासकट सांगितलं. मग सुकदेवने. मग बहिणींनी, एकमेकींचं. थोडं थांबून आबांनीही टोपी सारखी करून सांगितलं, उखर्डू. रत्नाने सगळ्यांना नीट ऐकून घेतलं. मग पुढे सरकली, आईच्या हातातल्या कवड्या काढून घेतल्या आणि म्हणाली, चार उलट्या पडल्या तर उघडते.

दोन पडल्या. तिने गुलाबचा एक चिंचोका शांतपणे आपल्याकडे ओढला. गुलाबने तो निमूट दिला.

पुढचा दीड तास प्रमिलाला कुणी काही विचारलं नाही. ती सरबत करून आली, ते संपलं, ग्लास धुतले गेले. गिरधर एकदाचा पाणी घेऊन बाहेर आला आणि आबांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. लिंबाचं झाड कुठे, ओटा किती लांब, दार कोणत्या अंगाला, हे सगळं विचारून गिरधरने नकाशाच्या मोकळ्या कोपऱ्यात दोनशे पंधरावं घर काढलं, प्रमाणशीर. आबांनी ती प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत घातली आणि ऊन उतरल्यावर स्टँडकडे निघाले.

सोमवारी साहेबांनी खुलासा वाचला. गिरधरच्या सांगण्याप्रमाणे ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सगळे गेले कशाने, एवढंच त्यांनी विचारलं. ते अजून ठरलेलं नाही म्हटल्यावर, ठरलं की कळवा, असं म्हणून त्यांनी कागद बाजूला ठेवला.

त्याच दुपारी दोनला प्रमिला जरा आडवी झाली होती. खालून हाक आली. मोठी, लांबवलेली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी. रत्ना. ती उठून बसेपर्यंत दुसरी आली. तिने दार उघडलं तर गुलाब, सुकदेव आणि दोघी बहिणी जिन्यात उभे. शिवाय दोन पोरं तिने कधी न पाहिलेली, मागच्या लाइनीतली.

आत या, ती म्हणाली. कालच्या फजितीची भरपाई म्हणून तिने दुपारपुरासाठी एक विहीर तयार ठेवली होती, तळाशी बऱ्यापैकी भयंकर गोष्ट असलेली. मी वही आणते, बसा तुम्ही.

गुलाबने एकदा बाकीच्यांकडे पाहिलं. मग मोठ्या माणसाने वाईट बातमी सांगावी तशा अदबीने तो म्हणाला, "काकू, आज तुम्ही नसलात तरी चालेल. आम्ही खाली टाकीजवळ बसतोय. रत्ना घाबरवते. तुम्ही नुसत्या घाबरता."

रत्ना नकाशा बगलेत मारून आईच्या हाताखालून केव्हाच निसटली होती. उन्हात जाऊ नका, टोपी घाला, गटाराकडे बघून चाला, अशी तीन वाक्यं प्रमिलाच्या ओठांवर आली. तिने ती तिन्ही गिळली आणि पोरांचे पाय जिन्यावरून खाली धडधडत गेलेले ऐकत दारात उभी राहिली.